लाव पैज!

२० जानेवारी २०१७ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉल या विस्तीर्ण मैदानावर जमलेल्या गर्दीचं उंचावरून टिपलेलं छायाचित्र त्याच दिवशी सगळीकडे पसरलं, आणि त्याच्या शेजारी आठ वर्षांपूर्वीच्या, बराक ओबामांच्या शपथविधीचं छायाचित्र लावलं गेलं. २००९च्या चित्रात मैदान माणसांनी गच्च भरलेलं. २०१७च्या चित्रात मध्ये मोठमोठे मोकळे पट्टे. दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसचे प्रसिद्धी सचिव शॉन स्पायसर यांनी पत्रकारांसमोर येऊन ठणकावलं की शपथविधीला इतके प्रेक्षक याआधी कधीच लाभले नव्हते.

ब्रायन शाफ्नर आणि समँथा लक्स या अभ्यासकांनी लगोलग एक पाहणी केली. सुमारे १,४०० अमेरिकन नागरिकांना त्यांनी ही दोन चित्रं दाखवली. कुठलं चित्र कोणाचं हे मात्र सांगितलं नाही. निम्म्या लोकांना प्रश्न होता, यातलं ट्रम्प यांच्या शपथविधीचं चित्र कोणतं? ट्रम्पना मत दिलेल्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांनी भरलेल्या मैदानाकडे बोट दाखवलं. हे समजण्यासारखं आहे. ज्यानं बातमी पाहिलेली नाही, तो आपल्या नेत्याकडेच गर्दी जास्त असेल असं धरून चालणार. खरी मेख उरलेल्या निम्म्यांच्या प्रश्नात होती: कोणत्या चित्रात माणसं जास्त आहेत? इथे राजकारण माहीत असण्याची गरजच नव्हती, डोळे उघडे असले की पुरे. तरीही ट्रम्प-मतदारांपैकी १५ टक्क्यांनी मोकळ्या मैदानाच्या चित्रात माणसं जास्त असल्याचं सांगितलं. ट्रम्प यांच्या प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटन यांच्या मतदारांत हे प्रमाण अवघं २ टक्के होतं. आणि पदवीधर ट्रम्प-मतदारांत ते २६ टक्क्यांपर्यंत चढलं.

शिकलेल्यांना कमी दिसतं असं तर नाही. बहुधा हा प्रश्न कशासाठी विचारला जातो आहे हे त्यांनी चटकन ओळखलं. बातम्यांत चाललेला वाद त्यांना ठाऊक होता, आणि त्यांनी उत्तर दिलं ते त्या वादाला. समोरच्या चित्राशी त्याचा संबंध नव्हता.

राजकीय वादात समोरचा माणूस धडधडीत चुकीचं बोलू लागला की आपल्याला दोनच शक्यता सुचतात. एकतर तो खोटं बोलतोय, नाहीतर त्याला खरंच तसं वाटतंय. पहिली शक्यता धरली की बोलणंच खुंटतं. दुसरी धरली की आपण त्याला आकडे, कात्रणं, बातम्यांचे दुवे पाठवत राहतो, त्याचा काही परिणाम होत नाही, आणि मग थकून पहिल्या निष्कर्षावर येतो. सख्खे भाऊ, मामा-भाचे, एका जिन्यावर आयुष्य काढलेले शेजारी या वाटेनं एकमेकांना दुरावलेले मी पाहिले आहेत. म्हणून हा प्रश्न मला नुसत्या कुतूहलाचा वाटत नाही. राज्यशास्त्रज्ञांनी आणि मानसशास्त्रज्ञांनी त्याची बरीच कसून तपासणी केली आहे. त्यातली पुष्कळशी अमेरिकेत झाली, कारण तिथे मोठे पक्ष दोनच, ट्रम्प यांचा रिपब्लिकन आणि ओबामांचा डेमोक्रॅटिक, आणि माणूस स्वतःला कोणत्या पक्षाचा समजतो हे पाहण्यांमध्ये विचारण्याची परंपरा १९५०च्या दशकापासूनची आहे.

ही खोड एकाच पक्षाची नाही, हे आधी सांगितलं पाहिजे. १९८८मध्ये, रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांची आठ वर्षं संपत आली असताना, अमेरिकी मतदारांना विचारलं गेलं की १९८०च्या तुलनेत महागाईची परिस्थिती सुधारली की बिघडली. या काळात महागाईचा दर १३.५ टक्क्यांवरून सुमारे ४ टक्क्यांवर आला होता. हा काही कुठल्या अहवालात दडलेला आकडा नव्हे, रोज दुकानात जाणाऱ्याला जाणवणारी गोष्ट. तरी स्वतःला कट्टर डेमोक्रॅट म्हणवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी महागाई बिघडल्याचं सांगितलं. लॅरी बार्टेल्स यांनी २००२मध्ये ही आकडेवारी मांडली, आणि पक्षाचा चष्मा माणसाला वस्तुस्थितीच वेगळी दाखवतो याचा पुरावा म्हणून ती अनेक वर्षं सांगितली गेली.

पण खरंच वेगळी दिसते, की फक्त वेगळी सांगितली जाते? हे ठरवायला अभ्यासकांनी जी युक्ती काढली ती आपल्याकडे शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. समोरचा फारच ठामपणे काही बोलू लागला की आपण म्हणतो, लाव पैज. पैजेचं नाव निघालं की आवाज जरा खाली येतो. जॉन बुलक, अॅलन गर्बर, सेथ हिल आणि ग्रेगरी ह्यूबर यांनी २०१५मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच केलं. अमुक राष्ट्राध्यक्षाच्या काळात बेरोजगारी वाढली की घटली, असे पक्षाभिमान जागे करणारे प्रश्न त्यांनी विचारले. काहींना नुसते विचारले, काहींना बरोबर उत्तराला थोडे पैसे देऊ केले. पैसे येताच दोन पक्षांच्या उत्तरांमधलं अंतर निम्म्याहून जास्त कमी झालं. मग त्यांनी आणखी एक गोष्ट केली, आणि माझ्या मते या सगळ्या संशोधनातली सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे. ‘मला माहीत नाही’ या उत्तरालाही थोडे पैसे ठेवले. तेव्हा अंतर सुमारे ८० टक्क्यांनी घटलं.

म्हणजे ठासून उत्तर देणाऱ्यांपैकी पुष्कळांना खरं उत्तर ठाऊक असतं आणि ते लपवलं जातं, असं चित्र नाही. पुष्कळांना उत्तरच ठाऊक नसतं. देशातली बेरोजगारी किती टक्क्यांनी हलली हे कोणाच्या ध्यानात असतं? प्रश्न आला की रिकाम्या जागेत पक्ष येऊन बसतो. आपला माणूस सत्तेवर असेल तर घटली असणार, त्यांचा असेल तर वाढली असणार. अज्ञान कबूल करायला एरवी काही मिळत नाही, उलट मान खाली जाते. पक्षाची बाजू घ्यायला मात्र काहीच लागत नाही. याला खोटं म्हणता येणार नाही, कारण खोटं बोलायला खरं काय ते माहीत असावं लागतं. आणि प्रामाणिक चूक म्हणावी, तर माणसानं आधी काही मत बनवलेलं असायला हवं.

एवढ्यावर थांबलो तर मोठा दिलासा आहे. लोक मुळात एकाच वस्तुस्थितीत राहतात, वरवर घोषणा देतात, पैसे ठेवले की ताळ्यावर येतात. काही वर्षं अभ्यासकांचा सूर असाच होता. पुष्टीसाठी उदाहरणंही होती. २०१६च्या निवडणुकीनंतर अर्थव्यवस्थेबद्दल विचारलं तर रिपब्लिकन मतदार एका रात्रीत आशावादी झाले आणि डेमोक्रॅट निराश झाले, पण आतिफ मियाँ, आमिर सुफी आणि नसीम खोशखू यांनी प्रत्यक्ष खर्च तपासला तेव्हा दोन्हीकडच्यांनी खिशातून पैसे काढण्याची रीत काही बदललेली दिसली नाही. त्याच वर्षी वॉशिंग्टनमधल्या एका पिझ्झाच्या दुकानात डेमोक्रॅट नेते मुलांचा व्यापार चालवतात ही अफवा लाखोंनी पसरवली. फ्रेंच संशोधक ह्यूगो मर्सिये यांनी यावर नेमकं बोट ठेवलं आहे: शेजारच्या दुकानाच्या तळघरात मुलं डांबलेली आहेत असं ज्याला खरोखर वाटतं तो निदान पोलिसांना तरी फोन करेल. बहुतेकांनी फार तर त्या दुकानाला इंटरनेटवर वाईट शेरा दिला. एक माणूस मात्र डिसेंबर २०१६मध्ये बंदूक घेऊन खरंच तिथे गेला, गोळ्या झाडल्या, मुलं कुठेच सापडली नाहीत तेव्हा पोलिसांच्या स्वाधीन झाला आणि त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. त्या दुकानाला तळघरच नव्हतं.

त्या एका माणसाचं काय करायचं? त्यानं पैज लावली होती, आणि स्वतःचं स्वातंत्र्य डावावर ठेवलं होतं. पुढच्या काही वर्षांत अशी माणसं वाढली. २०२०च्या निवडणुकीत ट्रम्प यांचा विजय चोरला गेला, हा दावा न्यायालयांत एकामागून एक फेटाळला गेला. तरी ६ जानेवारी २०२१ रोजी हजारो लोक संसद भवनावर चालून गेले, आणि पुढे दीड हजारांहून अधिक जणांवर खटले भरले गेले. मॅथ्यू ग्रॅहॅम आणि ओमर याइर यांनी हा समज पैसे देऊन, खरं बोलण्याची विनंती करून, ओळख झाकून उत्तर देण्याची सोय करून, सगळ्या बाजूंनी तपासला. प्रामाणिकपणाचा दाब कितीही वाढवला तरी तो समज फारसा ओसरला नाही. बहुतेकांना खरंच तसं वाटत होतं.

आणि कोविडच्या लशीबाबत तर डाव जिवाचा होता. फ्लोरिडा आणि ओहायो या दोन राज्यांतल्या मृत्यूंच्या नोंदी मतदारनोंदणीशी ताडून पाहणारा एक अभ्यास २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. लस येण्यापूर्वी दोन्ही पक्षांच्या मतदारांतल्या जादा मृत्यूंच्या, म्हणजे एरवी झाले असते त्याहून अधिक झालेल्या मृत्यूंच्या प्रमाणात फार अंतर नव्हतं. लस सगळ्या प्रौढांना खुली झाल्यानंतर वयाचा फरक जमेस धरूनही रिपब्लिकन मतदारांत हे प्रमाण ४३ टक्क्यांनी जास्त निघालं, आणि ज्या भागांत लसीकरण कमी तिथे ही दरी अधिक रुंद होती. कोणी लस घेतली आणि कोणी नाही, याची व्यक्तिवार नोंद अभ्यासकांकडे नव्हती, त्यामुळे कारणाबद्दल त्यांनी जपून लिहिलं आहे. तरीही गर्दीच्या फोटोबद्दल बोलणारे आणि लशीबद्दल बोलणारे हे एकाच पक्षाचे लोक होते, हे विसरून चालणार नाही. घोषणा म्हणून लस नाकारणारा माणूस एखाद्या रात्री गुपचूप जाऊन ती टोचून घेईल. ज्यानं घेतली नाही, त्याचा आपल्या बोलण्यावर विश्वास होता.

म्हणजे काही गोष्टी नुसत्या बोलल्या जातात, आणि काही गोष्टींसाठी जीव पणाला लावला जातो. पहिल्या प्रकारची गोष्ट दुसऱ्या प्रकारची कशी होते, हा मला यातला कळीचा प्रश्न वाटतो.

म्युनिक आणि रॉटरडॅम इथे झालेल्या वादविवाद स्पर्धांमध्ये त्याचं उत्तर दिसतं. आपल्या महाविद्यालयांतून वादविवाद स्पर्धा गाजवलेल्यांना हे लगेच पटेल. या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत विषय ऐन वेळी मिळतो, अनुकूल की प्रतिकूल बोलायचं हे चिठ्ठीवर ठरतं, आणि तयारीला पंधरा मिनिटं असतात. पीटर श्वार्डमान, एगॉन ट्रिपोडी आणि योएल व्हान डर वेले यांनी तयारीनंतर, पण भाषणाआधी, स्पर्धकांना विषयाशी निगडित वस्तुस्थितीचे प्रश्न विचारले, आणि अचूक उत्तराला पैसे ठेवले. बाजू चिठ्ठीनं आली आहे हे प्रत्येकाला ठाऊक होतं. खोटं बोलण्यात फायदा नव्हता, तोटाच होता. तरी उत्तरं आपापल्या बाजूकडे झुकली. देणगी द्यायची रक्कम वाटायला सांगितली तर तीही आपल्या बाजूच्या संस्थेकडे झुकली. आपली बाजूच मुळात भक्कम आहे, असं दोन्हीकडच्यांना वाटू लागलं. वाद होऊन समोरच्याचे मुद्दे ऐकल्यावरही हे अंतर पूर्ण मिटलं नाही.

पंधरा मिनिटांत, चिठ्ठीनं मिळालेल्या बाजूसाठी, हुशार तरुणांचं हे होतं. मग वीस वर्षं एका पक्षाचं काम केलेल्या, त्याच्या सभांना सतरंज्या अंथरलेल्या, त्याच्यासाठी नातेवाइकांशी भांडलेल्या माणसाचं काय होत असेल? उत्क्रांतीचे अभ्यासक रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७०च्या दशकातच याचं एक कारण सुचवलं होतं. दुसऱ्याला पटवायचं असेल तर आधी स्वतःला पटलेलं असणं सोयीचं पडतं. मनात एक आणि तोंडात एक ठेवणारा कुठेतरी अडखळतो. ज्याला पटलेलं आहे तो अडखळत नाही. बाजू मांडायची गरज आधी येते, मुद्दे नंतर जमवले जातात, आणि विश्वास सर्वांत शेवटी त्यावर बसतो. माणसाला मात्र हा क्रम उलटा आठवतो.

तो उलटा आठवतो याचाही पुरावा आहे. स्वीडनमध्ये २०१०च्या सार्वत्रिक निवडणुकीच्या प्रचारकाळात लार्स हॉल, पेटर योहान्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावर मतदारांना गाठून डाव्या आणि उजव्या आघाडीतले वादाचे मुद्दे असलेली एक प्रश्नावली भरून घेतली. मग हातचलाखीनं काही उत्तरं विरुद्ध आघाडीच्या बाजूची करून तोच कागद त्यांच्या हाती दिला आणि कारणं विचारली. बदललेल्या उत्तरांपैकी लोकांच्या लक्षात आली ती जेमतेम २२ टक्के. उरलेल्यांचं त्यांनी समर्थन केलं, अगदी मुद्देसूद. ९२ टक्के लोकांनी शेवटी निघालेला उलटा कल आपलाच म्हणून मान्य केला. यातलं कोणीही खोटं बोलत नव्हतं. ‘तुला असं का वाटतं?’ या प्रश्नाला आपण देतो ती उत्तरं पुष्कळदा त्या क्षणी तयार होतात, हे यातून दिसतं.

जेफ्री कोहेन यांनी २००३मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याच्याही पुढे जातो. त्यांनी लोकांना सरकारी मदतीच्या दोन योजना दाखवल्या, एक फार सढळ, एक फार कडक. तुमच्या पक्षाचा या योजनेला पाठिंबा आहे असं सांगितलं की उदारमतवादी कडक योजनेलाही हो म्हणत आणि पुराणमतवादी सढळ योजनेलाही. योजनेत काय आहे याला जवळजवळ किंमत उरली नाही. विचारल्यावर मात्र सगळ्यांनी सांगितलं की आपण योजनेतल्या तरतुदी पाहून ठरवलं. पक्षाकडे पाहून ठरवतात ते इतर लोक, विशेषतः समोरच्या बाजूचे. म्हणून ‘तू खोटं बोलतोयस की तुला खरंच वाटतं?’ असं एखाद्याला तोंडावर विचारलं, आणि त्यानं अगदी मनापासून उत्तर दिलं, तरी ते उत्तर फारसं उपयोगाचं नसतं. त्याच्याकडे त्याची नोंदच नसते.

पुढाऱ्यांचं आणि वाहिन्यांचं मात्र असं नसतं. तिथे कधीकधी लेखी नोंद मिळते. मतदान यंत्रं बनवणाऱ्या डोमिनियन कंपनीनं फॉक्स न्यूजवर अब्रुनुकसानीचा दावा लावला, तेव्हा वाहिनीचे निवेदक आणि अधिकारी यांचे आपसातले संदेश न्यायालयासमोर आले. २०२०ची निवडणूक चोरली गेल्याचे जे आरोप पडद्यावर रंगवले जात होते, ते आरोप त्यांतले कितीतरी जण खाजगीत उडवून लावत होते, आणि खरं सांगितलं तर प्रेक्षक दुसऱ्या वाहिनीकडे जातील ही धास्ती व्यक्त करत होते. एप्रिल २०२३मध्ये वाहिनीनं ७८ कोटी ७५ लाख डॉलर भरून तडजोड केली. याला खोटं म्हणतात, दुसरा शब्द नाही. आणि जे खोटं स्टुडिओतल्यांना ठाऊक होतं, ते घरी बसून ऐकणाऱ्याला खरं वाटत होतं. एकाच वाक्याबद्दल एकाला लबाड आणि दुसऱ्याला भाबडा म्हणणं इथे अगदी योग्य आहे. आपण रागाच्या भरात हे उलटं करतो: पुढारी हाताशी नसतो, म्हणून समोरच्या काकांना खोटारडे ठरवतो.

पण काकांना खरंच तसं वाटतं, म्हणून ते निर्दोष, असंही मला मान्य नाही. लंडनचे गणितज्ञ विल्यम क्लिफर्ड यांनी १८७७मध्ये श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं, डागडुजी झालेलं. परदेशी निघालेली कुटुंबं घेऊन ते सुटणार आहे. मालकाच्या मनात शंका येते. मग तो स्वतःची समजूत घालतो: इतक्या सफरी झाल्या, ही पण होईल; देव आहे; कारागिरांवर उगीच संशय कशाला. शंका खरोखर विरते आणि तो निर्मळ मनानं जहाजाला निरोप देतो. जहाज बुडतं, विम्याचे पैसे त्याला मिळतात. क्लिफर्ड म्हणतात, त्याचा विश्वास अस्सल होता याने त्याचा दोष तसूभरही कमी होत नाही, कारण समोर जो पुरावा होता त्यावर तसा विश्वास ठेवण्याचा त्याला अधिकारच नव्हता. क्लिफर्ड स्वतः १८७०मध्ये सूर्यग्रहणाच्या निरीक्षणासाठी निघालेल्या मोहिमेत सिसिलीजवळ जहाज फुटून बचावले होते. प्रश्न त्यांना पुस्तकी वाटला नसणार. मला हा निकष न्याय्य वाटतो. समोरचा मनापासून बोलतो आहे का, हे तपासण्यात फार हाती लागत नाही. त्यानं शंकेला किती वेळ दिला, उलट बातमी आली तेव्हा ती उघडून तरी पाहिली का, हे विचारता येतं. तेच स्वतःलाही विचारता येतं, आणि तिथे उत्तर जास्त अवघड निघतं.

शंका शिकवता येते का, हे भारतातही तपासलं गेलं आहे. २०१९च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी सुमित्रा बद्रीनाथन यांनी बिहारमध्ये १,२२४ लोकांबरोबर प्रयोग केला. घरी जाऊन तासभर, समोरासमोर, मोबाइलवरची खोटी बातमी कशी ओळखावी हे शिकवलं. मतदान झाल्यावर पुन्हा भेटून पाहिलं तर सरासरी परिणाम जवळजवळ शून्य. भाजपच्या समर्थकांत तर आपल्या पक्षाला सोयीच्या खोट्या बातम्या ओळखण्याची क्षमता शिकवणीनंतर घटलेली दिसली. भारतात पक्षनिष्ठा अमेरिकेइतकी घट्ट नसते असं मानलं जात होतं. एका तासाच्या शिकवणीनं ती जागी व्हावी हे अभ्यासकांनाही अनपेक्षित होतं.

बद्रीनाथन यांनी नंतर सहकाऱ्यांसह त्याच राज्यात दुसरा प्रयोग केला. या वेळी आठवी ते बारावीचे साडेतेरा हजारांहून अधिक विद्यार्थी, ५८३ गावं, आणि एका तासाऐवजी काही आठवडे पसरलेले वर्ग. बातमी कुठून आली हे कसं पाहावं, विशेषतः आजारपणाबद्दलच्या ऐकीव गोष्टी कशा पारखाव्यात, हे मुलं वर्गात शिकली. चार महिन्यांनी तपासलं तेव्हाही ती खरं-खोटं निवडण्यात न शिकलेल्या मुलांपेक्षा सरस होती, आणि राजकारणाबद्दल वर्गात फारसं शिकवलेलं नसताना राजकीय बातम्यांतही सरस होती. त्यांच्या आईवडिलांनाही तपासलं. त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, तरी त्यांचीही पारख सुधारली होती.